पाच घरांचं पीठ

आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी गव्हाच्या पिठाला आईशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. एरवी आम्ही ज्वारीची माणसं. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी, तोंडी लावायला शेंगांची चटणी नाहीतर अंबाडीची भाजी, आणि कुणाला सर्दी झाली की हुलग्याचं माडगं. गहू यायचा तो प्रभुभोजनाच्या पोळीसाठी, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत प्रत्येकानं जो एक घास घ्यायचा त्यासाठी. शहरातल्या मंडळ्यांत पाव असतो हे मी पुढं नोकरीला लागल्यावर पाहिलं. आमच्याकडं आईची पोळी. शुक्रवारी ती डोक्यावरून पदर घेऊन गहू निवडायला बसायची, आणि गिरणीत सगळ्या गावाचं पीठ मिसळतं म्हणून जात्यावर दळायची. दळताना उपासनेतली गाणी म्हणायची, पण चाल ओवीची. पाळकसाहेबांनी एकदा हसून विचारलं, "रूथबाई, ही कुठली चाल?" तर म्हणाली, "जात्याची." पिठात ती चिमूटभर मीठ टाकायची. मिठाची गरज नाही असं पाळकसाहेबांचं म्हणणं होतं. "अळणी घास माणसाला जात न्हाय, देवाच्या नावाचा तरी कसा जावा," एवढं बोलून ती मीठ टाकायचीच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ढोकीला साखर कारखान्यात फिटर होते. आठवडाभर तिकडं, शनिवारी दिवेलागणीला सायकलवर घरी. त्यांच्या कपड्यांना मळीचा वास असायचा आणि तो रविवारच्या धुतलेल्या सदऱ्यालाही सोडायचा नाही. मंडळीचे तीन पंच होते, त्यातले ते एक. उपासनेआधी पोळी कापायचं काम त्यांचं. प्रत्येक तुकडा बोटाच्या पेराएवढा, सगळे सारखे, आणि भोजन घेणारी जेवढी माणसं मंडळीत असतील तेवढेच. कुणी गैरहजर राहिलं की तुकडे उरायचे. ते टाकायचे नाहीत, कडुलिंबाच्या बुंध्याशी माती उकरून पुरायचे, हेही अण्णांचंच काम. आमचं चर्च म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, आमच्या नऊ घरांच्या मध्ये, पत्र्याची एक लांब खोली. दाराशी तो कडुलिंब आणि त्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तीच घंटा. उन्हाळ्यात उपदेश चालू असताना पत्रा तडतडायचा आणि पाळकसाहेब आवाज चढवायचे.

आई तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसायची. ताट समोर आलं की तुकडा घ्यायची आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच राहायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायची, घरी येऊन पाणी, सरपण, चूल. तिचे हात नुसते मांडीवर ठेवलेले मी फक्त तेवढ्या वेळात पाहिले. लहान असताना मी विचारलं होतं, "आई, तेव्हा काय वाटतं गं?" ती म्हणाली, "पोट भरल्यावानी वाटतं." महिनाभर ती त्या एका घासाची वाट बघायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तिच्याकडून काय गेलं ते त्याशिवाय कळायचं नाही.

मी तेरा वर्षांची असताना एका सोमवारी दुपारी तुळजापूरच्या रस्त्यावर, आमच्या फाट्याला, एका जीपवाल्यानं एक म्हातारी उतरवली. बाकीच्या माणसांना तिचा वास सहन होईना, म्हणून. आता त्या फाट्यावर तीन हॉटेलं आणि मोबाईलचं दुकान आहे. तेव्हा एक बाभळ होती आणि पाण्याचा रांजण. आई आणि मी खुरपून परत येत होतो. म्हातारी बाभळीखाली आडवी होती आणि छातीशी तिनं एक वेताची परडी धरली होती, कडेनं कवड्या लावलेली, हळदी-कुंकवानं माखलेली. मला वास आला आणि मी नाकाला ओढणी लावली. आईनं ती माझ्या नाकावरून काढली, ओली केली आणि म्हातारीचं तोंड पुसलं. "कुठली गं तू, अव्वा?" म्हातारी कानडी मिसळून बोलत होती. नाव मल्लव्वा. गाव नळदुर्गाच्या पलीकडं, हद्दीपाशी. पोरानं तुळजापूरला देवीच्या पायाशी आणून बसवलं आणि पाणी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. तिनं दोन दिवस पायरीवर वाट बघितली होती.

आम्ही दोघींनी तिला धरून घरी आणलं. पुढच्या खोलीत माझ्या अंथरुणावर निजवली. लग्नाआधी आई मिशनच्या एका दवाखान्यात आया होती, त्यामुळं तिनं पदर बाजूला केला तेव्हा तिला लगेच कळलं. डाव्या छातीची गाठ फुटली होती. मी ते पाहिलं आणि बाहेर जाऊन ओकले. परत आले तेव्हा आई कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धूत होती आणि म्हातारीशी बोलत होती, पिकापाण्याचं, पोराबाळांचं, जणू पाहुणी आली आहे. नंतर चुलीपाशी मला हळूच म्हणाली, "आठ दिस. लई झाले." मला आपलं एवढंच दिसत होतं की माझं अंथरूण गेलं. तसं मी बोलूनही दाखवलं. आई रागावली नाही. तिनं स्वतःचं गोधडं मला दिलं आणि ती पोत्यावर झोपली.

खरा पेच दुसऱ्या दिवशी कळला. मल्लव्वा पाणी घ्यायची, अन्न नाही. आईनं माडगं केलं, दुधात भाकरी कुस्करली, गूळ घालून पेज केली. प्रत्येक वेळी म्हातारी ओठ आवळून घ्यायची आणि हात हलवायची, "बेड, यव्वा, बेड." नको, नको. ती देवीची आराधीण होती. परडी घेतल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायचा, त्या पिठाची भाकरी करायची आणि ती पोटात गेल्यावरच बाकीचं अन्न. असं तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. पोरानं तुळजापूरला आणलं त्या शुक्रवारी जोगवा झाला नव्हता, तेव्हापासून ती उपाशी होती. आईनं समजावलं, "आजारी माणसाला देव माफ करतो, अव्वा." मल्लव्वा म्हणाली, "माफ करतीय की. पर म्या तिला तोंड कसं दाऊ? चुकार हाताची मरायची न्हाय म्या." मरणाचं तिला भय नव्हतं, मोडलेल्या नेमाचं होतं. मंगळवार गेला. संध्याकाळी तिला बोलायचंही त्राण उरलं नाही आणि ती नुसती परडीकडं बघत पडून राहिली.

बुधवारी आई वरच्या आळीत पारूआक्काकडं गेली. पारूआक्का आमच्या गावची आराधीण, भली बाई, आईबरोबर खुरपायला असायची. मी सोबत होते. आईनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आक्का, तुमी तेवढी तिची परडी घिऊन पाच घरं फिरा. माझ्यानं ते व्हायचं न्हाय, मी किरिस्ताव." पारूआक्का उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "रुताबाई, मन लई मोठं हाय तुमचं. पर किरिस्तावाच्या घरात टेकल्याली परडी म्या उचलली तर माझ्या परडीचं काय? आई कोपंल. माझी लेकरं हायती." आई म्हणाली, "मग तिलाच आणू का तुमच्याकडं? दोन दिस." पारूआक्कानं मान खाली घातली. "जागा कुठाय, बाई." आम्ही परत निघालो. तिला मी तेव्हा मनातल्या मनात फार शिव्या दिल्या. आज देत नाही. तिला तिच्या देवाचं भय होतं आणि आमच्याकडं त्याच गोष्टीला आम्ही निष्ठा म्हणत होतो.

गुरुवारी पाळकसाहेब आणि याकोबकाका घरी आले. याकोबकाका पंचांतले सगळ्यात मोठे, पांढरं धोतर, स्वच्छ टोपी, शास्त्र तोंडपाठ. पाळकसाहेबांनी दारातूनच प्रार्थना केली, चांगली केली. याकोबकाका मात्र आत आले आणि म्हातारीकडं बघून आईला म्हणाले, "बाई, देवानं दाराशी आणून ठेवलंय हे. बाप्तिस्म्याचं दोन थेंब पाणी कपाळाला लागलं तर आत्मा वाचंल. तिला इचारा." आई जखमेवरची पट्टी बदलत होती. "तिनं मागितलं तर मी पळत यीन तुमाला बोलवायला, काका. तिनं मागितली ती भाकर हाय." याकोबकाका म्हणाले, "शरीराची भाकर आज हाय, उद्या न्हाय." आई म्हणाली, "उद्या ती पण न्हाय. म्हणून तर आज पायजे." पाळकसाहेबांनी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर नेलं. जाताना याकोबकाकांनी परडीकडं पाहिलं. ती आमच्या घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर ठेवलेली होती, कारण ती भुईला टेकवायची नाही असं मल्लव्वानं सांगितलं होतं आणि आईनं ते ऐकलं होतं.

शुक्रवारी सकाळी आईनं डोक्यावरून आंघोळ केली, लग्नातलं एकुलतं एक धुवट लुगडं नेसली आणि मल्लव्वाच्या उशाशी बसली. "कशी धरायची ते सांग." म्हातारी आधी तिच्याकडं बघतच राहिली. मग खुणेनं दाखवलं, डाव्या हाताच्या घडीत. पाच घरं. उदो म्हणायचं. आई म्हणाली, "ते माझ्या तोंडी यायचं न्हाय, अव्वा. मला माझा देव हाय. मी तुझं नाव घिऊन मागते. चालंल का?" मल्लव्वानं डोळे मिटले. मला वाटलं, झालं, नाही म्हणणार आणि अशीच मरणार. आईलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं श्वास धरला होता. मग डोळे न उघडताच म्हातारी म्हणाली, "माग."

आई पुढं, मी मागं. पाच घरांसाठी आम्हाला अकरा दारं फिरावी लागली. ज्यांच्या रानात आईनं वर्षानुवर्षं खुरपलं त्यांतल्या एकीनं दार अर्धं लावून घेतलं. एकजण हसला, "काय रुताबाई, देव बदलला काय?" आईनं प्रत्येक दारात एकच वाक्य म्हटलं, "नळदुर्गाकडची मल्लव्वा हाय, आजारी हाय, तिच्या नावानं वाढा." कुणी वाढलं, कुणी पुढं जा म्हटलं. मी शरमेनं मेले होते. शाळेतल्या मुली त्याच आळीत राहायच्या. चौथ्या वाढणाऱ्या घरी एक म्हातारी सासू होती, तिनं मूठभर पीठ घातलं, परडीला हळदीकुंकू लावलं आणि रीतीप्रमाणं बोट तसंच पुढं नेऊन आईच्या कपाळाला टेकवलं. आई हलली नाही. माझ्या आईच्या कपाळावर कुंकू मी जन्मात त्या एकाच दिवशी पाहिलं. गल्लीच्या वळणावर मी म्हटलं, "आई, पूस की ते." ती म्हणाली, "असू दे. मल्लव्वाला बगू दे. तिला खरं वाटंल."

पाच घरांचं पीठ मिळून तीन भाकऱ्यांचं झालं. आईनं थापल्या, भाजल्या, पहिली मोडून दुधात कुस्करली आणि घास म्हातारीच्या ओठाशी नेला. म्हातारीनं तोंड उघडलं नाही. तिनं आईचं मनगट धरलं आणि घास आईच्याच तोंडाकडं वळवला. "परडी ज्येच्या हातात, पयला घास त्येचा." जोगवा मागून आणणारानं आधी खायचं, मग बाकीच्यांनी, ही त्यांची रीत होती. आता आमच्या घरात लहान पोरालाही एक गोष्ट ठाऊक होती: दुसऱ्या देवाच्या नावाचं अन्न आपण खायचं नाही. जत्रेचा प्रसाद कुणी दिला तर हात जोडून परत करायचा. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिला कुणाला तरी विचारायचं होतं आणि तिथं फक्त मी होते. मग तिनं घास खाल्ला. चावला, गिळला आणि दुसरा घास मल्लव्वाच्या तोंडात घातला. सात दिवसांची उपाशी बाई अर्धी भाकरी जेवली. आईचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. मला म्हणाली, "इस्तर, घासाचं कुठं बोलायचं न्हाय. हे आपल्या तिघींचं."

शनिवारी दुपारी आई तिची जखम धूत असताना मल्लव्वा गेली. चांगली गेली, असं आई म्हणायची. अण्णा संध्याकाळी आले, सायकल भिंतीला लावली, आत पाहिलं आणि काही न विचारता कुदळ काढली. पारूआक्काचा नवराही आला. ओढ्याच्या कडेला दोघांनी खड्डा खणला. वरच्या आळीचे चार पुरुष लांब उभे राहिले. पारूआक्कानं तेव्हा परडी मात्र आईच्या हातून घेतली, तुळजापूरला पोचवीन म्हणाली, पण आईकडं बघितलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मी ते केलं.

रविवारी उपासनेआधी मुलांची शाळा भरायची. सलोमीकाकू शिकवायच्या, याकोबकाकांच्या बायको. आमच्यात मुलांनी उभं राहून साक्ष द्यायची पद्धत होती: या आठवड्यात देवानं माझ्या घरात काय केलं. ज्याची साक्ष चांगली, त्याला रंगीत चित्राचं कार्ड. त्या रविवारी विषय होता प्रीती, आणि माझ्याकडं सांगण्यासारखं इतकं होतं की मी हात वर करून उभीच राहिले. मागच्या सतरंजीवर मोठी माणसं येऊन बसायला लागली होती. मी जखमेचं सांगितलं, परडीचं सांगितलं. याकोबकाकांची नात म्हणाली, "हे तर सगळ्या गावाला म्हाईत हाय." मुलं हसली. गावाला माहीत होतं हे खरंच होतं. आईनं दया केली म्हणून पाळकसाहेबांनीही ते पोटात घातलं होतं. कार्ड माझ्या हातून जाणार असं मला दिसलं. म्हणून जे कुणालाच माहीत नव्हतं ते मी सांगितलं. आईनं आधी स्वतः खाल्लं, तेव्हा म्हातारी जेवली. आईची थोरवी सांगतेय असं वाटत होतं मला. त्यात खोटं काही नव्हतं, आणि कार्डही हवं होतं. सलोमीकाकूंचा चेहरा उतरला. मागं बसलेल्या याकोबकाकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काकूंनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि शाळा लवकर सोडली. ते कार्ड अजून माझ्याकडं आहे. त्यावर एक मेंढरू आहे. कितीदा चुलीत घालायला काढलं आणि परत ठेवलं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आईला थांबायला सांगितलं. तिन्ही पंच पुढं बाकावर, अण्णा टोकाला. मला बाहेर काढलं, पण खिडकीला गज होते, काच नव्हती. याकोबकाका कठोर माणूस होते, दुष्ट नव्हते. त्यांचा आवाज कापत होता. "बाई, ते अन्न दुसऱ्या दैवताच्या नावाचं हाय हे तुमाला ठाव होतं का?"

"व्हय."

"आन तरी खाल्लं?"

"खाल्लं."

"मग चूक झाली एवढं मंडळीपुढं म्हणा. आमी प्रार्थना करू, विषय मिटंल. कुणाला हौस न्हाय तुमाला भाईर ठिवायची."

मी गज धरून मनात म्हणत होते, म्हण, आई, म्हण. दोन शब्द. तिनं म्हटलं, "चूक झाली आसं मला वाटलं आसतं तर तुमी इचारायच्या आधी म्हणले आसते. ती उपाशी मरत हुती, काका. देवापुढं खोटी कबुली कशी द्यावी?" पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. नियम असा होता की कबुली होईपर्यंत त्या माणसाला प्रभुभोजन नाही. बाकी सगळं खुलं. उपासनेला यावं, गावं, बसावं. पंचांनी हात वर करायचे होते. याकोबकाकांनी केला. दुसऱ्या पंचांनी केला. अण्णा स्वतःच्या हातांकडं बघत बसले होते, कारखान्याचं वंगण नखात बसलेल्या हातांकडं. मग त्यांनी उजवा हात वर केला, खांद्यापर्यंतच.

घरी आलो. मी आईच्या पायाशी बसून रडले, "माझ्यामुळं झालं." तिनं माझी वेणी सोडून परत घातली. "खोटं तर न्हाय ना सांगितलंस? मग ऊठ, पाणी आण." मी बोलायचं नव्हतं हे तिनं एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आईच्या शेजारी बसले होते. माझं दृढीकरण, म्हणजे मोठ्यांच्या मंडळीत रीतसर घेणं, अजून व्हायचं होतं, त्यामुळं भोजन मलाही नव्हतं. ती माझ्या कानात म्हणाली, "आता आपण दोघी सोबतिणी," आणि मी हसावं म्हणून मला कोपरानं ढोसलं. ताट घेऊन अण्णा तिसऱ्या रांगेत आले. आईपाशी ताट क्षणभर थांबलं. आईनं हात मांडीवरून उचलले नाहीत. मग ताट पुढं गेलं. त्या दिवशीची पोळी सलोमीकाकूंनी केली होती, कडेनं करपलेली आणि अळणी, असं नंतर सगळेच म्हणाले. दोन-तीन महिने तसंच चाललं. मग एका शनिवारी सलोमीकाकू मागच्या दारानं आल्या, पदराखाली गव्हाच्या पिठाची परात. "रूथ, मला जमंना बग. तू मळ, लाट, म्या नेते. सांगणार न्हाय कुणाला." आईनं परात घेतली, चिमूटभर मीठ टाकलं. तेव्हापासून मंडळी परत आईच्या हातचंच खाऊ लागली आणि आई तिसऱ्या रांगेत तशीच बसून राहिली. एकही रविवार तिनं चुकवला नाही. ताट येतेवेळी ती डोळे मिटायची, पूर्वीसारखीच. पोट भरल्यासारखं तिला वाटत होतं का, हे विचारायची मला छाती झाली नाही.

अशी तीन वर्षं गेली. सोळाव्या वर्षी माझं दृढीकरण झालं. आईनं तिचं धुवट लुगडं मला नेसवलं, तेच, आणि पदर नीट खोचून दिला. चर्चमध्ये मी तिच्या शेजारी बसले आणि मनाशी ठरवलं होतं की मी घेणार नाही. ती घेत नाही तोवर मीही नाही. ताट आलं. अण्णांच्या सदऱ्याला मळीचा वास. मी हात बांधून बसले. आईनं खालून माझ्या मांडीला चिमटा काढला, चांगला जोरात. "घी. माझी वाट बगू नगं." मी तिच्याकडं पाहिलं. तिचा चेहरा इतका आनंदात होता की मला नाही म्हणवेना. मी तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. मीठ लागलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मला डोळे मिटवत नव्हते, म्हणून मी पुढं बघत राहिले. ताट फिरवून झालं की पंचांनी शेवटी मेजापाशी उभं राहून घ्यायचं, अशी रीत. याकोबकाकांनी घेतलं, दुसऱ्या पंचांनी घेतलं. अण्णांनी ताट मेजावर ठेवलं, हात फडक्याला पुसले, मान लववली आणि ताटावर पांढरं कापड झाकलं. त्यांनी घेतलंच नाही. मला वाटलं माझी नजर चुकली. त्या दिवशी कुणी गैरहजर नव्हतं, माझं दृढीकरण म्हणून सगळी मंडळी आली होती. तरी उपासना सुटल्यावर मी कडुलिंबाकडं गेले तेव्हा अण्णा बुंध्याशी उकिडवे बसून माती उकरत होते आणि त्यांच्या तळहातावर दोन तुकडे होते. एक त्यांचा. दुसरा कुणाचा ते मला कळलं. दर महिन्याला ते आईच्या नावाचाही तुकडा कापतच होते. मला बघून त्यांनी मूठ मिटली. "घरी जा," म्हणाले, "आई वाट बगत आसंल."

आई चुलीपाशी होती. मी तिला सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. "तुला आज दिसलं व्हय?" म्हणाली. "त्यांनी हात वर केला, त्याच्या पुढच्या महिन्यापासून हाय ते."

अण्णा गेले, मग काही वर्षांनी आई गेली. शेवटपर्यंत ती कबुली झाली नाही आणि शेवटपर्यंत त्या दोघांनी तो घास घेतला नाही. मी ज्या दिवशी पहिल्यांदा घेतला, त्या दिवशी आमच्या घरातून खाणारी मी एकटी होते, आणि सांगितलंही मीच होतं.